उष्टा दोरा

काजमावशीच्या वरच्या पुढच्या दाताला एक खाच आहे. जन्माची नव्हे, कामाची. शिवणाऱ्याच्या बोटाला घट्टा पडतो तशी चाळीस वर्षं एकाच जागेवर दोरा तोडून तोडून दाताला पडलेली. दोरा त्या खाचेत आपसूक बसतो, एक हिसका दिला की तुटतो. कात्री टेबलावर असते, पण ती मास्तरांची. आणि कात्री उचलून, दोरा कापून ती परत जागेवर ठेवेपर्यंत मावशीचं पुढचं बटण अर्धं लागलेलं असतं.

शिंप्याच्या दुकानात तिचं काम शेवटचं. मास्तर कापड बेततात, मशीनवाला शिवतो, आणि मग तो सदरा, कोट, पँट मावशीच्या मांडीवर येते. काजं करायची, बटणं लावायची, हूक, आतली दुमड. “बटण नाही तो सदरा म्हणजे कडी नाही ते दार,” असं ती म्हणते. दुकानात नवीन आलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पहिल्या आठवड्यात ऐकावं लागतं, आणि दुसऱ्या आठवड्यात तो ते स्वतः म्हणायला लागतो.

ती डावखुरी. लहानपणी त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, हात काही बदलला नाही. जाड कापडावर बटण लावताना खाली दोऱ्याचे वेढे देऊन एक छोटी मान तयार करावी लागते, म्हणजे बटण कापडाला चिकटून बसत नाही. बाकी सगळं जग ते वेढे एका दिशेनं देतं, मावशीचे उलटे पडतात. पहिल्या वर्षी मास्तर ओरडायचे. मग गिऱ्हाइकं सांगायला लागली की कोट फाटला पण बटण सुटलं नाही. तेव्हापासून मास्तर गप्प.

ती दुकानात आली बावीस वर्षांची असताना. नवरा तिथेच मशीनवर होता, तापानं गेला. त्याचं स्टूल रिकामं राहिलं. मास्तर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बस, मग बघू. ते बघायचं राहून गेलं. मूलबाळ नाही. नवऱ्याची बहीण, लग्न न झालेली, तिच्यासोबत राहते. दोन खोल्या, खाली बेकरी. त्यामुळे आतल्या खोलीची एक भिंत दिवसभर कोमट असते आणि कंबरदुखीची नणंद त्या भिंतीला पाठ लावून जगाच्या बातम्या सांगत असते. दोघींचं भांडण रोजचं आहे, आणि रोज भाजीत मीठ किती यावरूनच सुरू होतं.

दुकान चौकात आहे. उजव्या हाताला कोर्ट, डाव्या हाताला पोलीस ठाणं. त्यामुळे मावशीच्या मांडीवर वकिलांचे काळे कोट येतात, पोलिसांचे गणवेश येतात, आणि तारखेला जाण्याआधी बरा दिसावा म्हणून आरोपीनं उसना आणलेला सदराही येतो. तिघांच्याही बटणांना दोरा एकच. सुईच्या नाकात घालण्याआधी जिभेवर ओला केलेला आणि शेवटी दातानं तोडलेला.

हे एवढं सांगून ठेवणं भाग होतं.

झालं ते असं. रेल्वेच्या रुळांपलीकडे तांब्याच्या तारांचं एक गोदाम आहे. तिथला राखणदार एका संध्याकाळी, पाळी बदलायच्या वेळेला, दाराशी पडलेला सापडला. डोकं फुटलेलं, कुलूप तोडलेलं, तारेची भेंडोळी गायब. राखणदार वाचला, पण त्या दिवसाचं त्याला काही म्हणजे काही आठवेना. सकाळी चहा प्यायल्याचं आठवत होतं, पुढे थेट इस्पितळाचं छत. त्याच्या मुठीत एक बटण होतं. दवाखान्यात मूठ उघडली तेव्हा पोलिसांनी ते ताब्यात घेतलं. बटणाला दोऱ्याचा तुकडा होता, त्या दोऱ्यावर थुंकी होती, आणि प्रयोगशाळेनं कळवलं की थुंकी बाईची आहे.

फौजदारांना एवढं पुरेसं होतं. झटापटीत राखणदारानं हल्लेखोराचं बटण तोडलं, हल्लेखोर बाई. रुळांपासून चौकापर्यंतच्या वस्तीतल्या सगळ्या बायकांचे नमुने घ्यायचं ठरलं. शाळेच्या एका वर्गात टेबल मांडलं, एक पोलीसबाई बसवली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती नळीत घालायची, नळीवर नाव. सोबत एक छापील फॉर्म.

बातमी दुकानात मशीनवाल्यानं पेपरातून वाचून दाखवली. मावशी एका पँटची दुमड घालत होती.

“दोरा कसला म्हणतात?” तिनं विचारलं.

“कसला म्हणजे? दोऱ्यासारखा दोरा.”

“कापलेला का तुटलेला?”

मशीनवाल्यानं बातमी पुन्हा चाळली. “टोक दातानं तोडल्यासारखं आहे म्हणे.”

मावशीनं हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. तो नुकताच खाचेत बसवला होता. तिनं तो तोडला, पण नेहमीपेक्षा हळू. मास्तर तिच्याकडे पाहत होते, मशीनवाला त्यांच्याकडे. नंतर मशीनवाला म्हणाला, “शहरात दातानं दोरा तोडणाऱ्या काय कमी आहेत?” पण त्याला स्वतःलाच एकही दुसरी आठवत नव्हती.

नणंद पहिल्याच दिवशी जाऊन आली. भिंतीला पाठ टेकून तिनं सगळं वर्णन केलं.

“काही नाही गं, कापूस फिरवला, संपलं. दाढेच्या डॉक्टरपेक्षा बरं. तो बोलतो फार. पोलीसबाई चांगली होती, म्हणाली, काकू तुमचे दात छान आहेत.”

“सही केलीस?”

“केली ना. सगळ्यांनी केली.”

“काय लिहिलं होतं?”

“मी काय चष्मा नेला होता?”

मावशी तिसऱ्या दिवशी गेली. बरोबर चष्मा नेला. रांगेत उभी राहिली, नंबर आला, फॉर्म हातात घेतला आणि सावकाश वाचला, ओळीखाली बोट धरून. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या.

“यात लिहिलंय, मी स्वखुशीने नमुना देत आहे,” ती पोलीसबाईला म्हणाली.

“हो. इथे सही.”

“मला खुशी नाही.”

“मावशी, ते तसं लिहायची पद्धत आहे.”

“खुशी नाही तर लिहू कशी? दुसरा फॉर्म नाही का, नाखुशीचा?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पोलीसबाईला तसा फॉर्म शोधायचा होता की काय कुणास ठाऊक, तिनं खण उघडून पाहिला. नव्हता. मावशीनं फॉर्म टेबलावर ठेवला, चष्मा डबीत घातला आणि दुकानावर गेली. पोलीसबाईनं यादीत तिच्या नावापुढे ‘नकार’ लिहिलं. एकशे एक्केचाळीस बायकांच्या यादीत तो एकच शब्द वेगळा होता, त्यामुळे लांबूनही दिसत होता.

खरं सांगायचं तर हे धैर्य नव्हतं. मावशी घाबरली होती. काडी गालातून फिरली की जुळणार, हे तिला दोऱ्याचं ऐकलं तेव्हाच कळलं होतं. पण ते बटण कुणाचं, कुठल्या कपड्याचं, हे तिला माहीत नव्हतं. हजारो बटणं तिच्या हातून गेली होती. त्यातलं एक कुणाच्या तरी मुठीत सापडलं होतं, एवढंच. फॉर्मवरचा शब्द मात्र तिला खरोखरच खोटा वाटला होता. भीती आणि खरेपणा एकाच वेळी आले, तर त्यात तिचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी तिला ठाण्यात बोलावलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. फौजदार मनानं वाईट माणूस नव्हता. त्यांना वरून रोज फोन येत होता, इतकंच.

“बाई, सगळ्यांनी दिला. तुम्हालाच काय अडचण?”

“ते बटण मला बघायला मिळेल का?”

“कशाला?”

“बघितल्यावर सांगता येईल.”

“पुरावा आहे तो. प्रदर्शन आहे का बघायला?” फौजदार हसले. “तुम्ही काही केलं नाही ना? मग घाबरायचं कशाला? ज्याच्या पोटात काही नाही त्याला दुखेल कशाला?”

“साहेब, माझ्या पोटात काही नाही. तोंडात आहे, आणि ते तुम्हाला पाहिजे.”

फौजदारांनी हसू आवरलं. चहा प्या, म्हणाले, आणि बाहेर गेले. मावशीनं चहा प्यायला. मग उठली, कोपऱ्यातल्या नळाखाली कप खळखळून विसळला, उपडा ठेवला आणि निघाली. दारात फौजदार भेटले. त्यांची नजर टेबलावर गेली, मग नळाकडे. चेहरा पडला. तो कप त्यांनी मुद्दाम मागवला होता, आणि पुढे कोर्टात हे मावशीच्या वकीलबाईंनी त्यांच्याच तोंडून काढून घेतलं. मावशीला विचारलं तर ती एवढंच सांगते: “उष्टा कप टेबलावर ठेवून उठायची आपल्याला सवय नाही.”

मास्तरांना फोन गेला. पोलीस गणवेशाचं काम म्हणजे दुकानाचं निम्मं काम. मास्तर मऊ माणूस. त्यांनी मावशीच्या समोर पाट्यासारखं सरळ बसून बोलायला घेतलं आणि पहिल्या वाक्यातच वाकले.

“मावशी, थुंकायचंय फक्त. लोक रस्त्यावर फुकट थुंकतात.”

“ते थुंकतात ती त्यांची मर्जी.”

“अहो, पण काम जाईल.”

“माझं का दुकानाचं?”

मास्तरांनी मापाची टेप गळ्यातून काढली आणि परत घातली. “दोन्ही.”

“मग मास्तर, तुम्ही सांगा, मी सही करू? तुम्ही सांगितलं तर करते. चाळीस वर्षांत तुमचं कुठलं बोलणं टाळलं?”

मास्तर मापाच्या वहीत डोकं घालून बसले. बारा वाजता आलेला फोन दोनला पुन्हा आला, तेव्हा ते म्हणाले, मावशी जेवायला गेल्यात. मावशी समोर बसून काज करत होती.

वकीलबाई त्याच संध्याकाळी आल्या, कोटाला आणखी एक बटण लावून घ्यायला. त्यांचा कोट वडिलांचा होता. वडीलही वकील, ते गेल्यावर लेकीनं तोच अंगाला बेतवून घेतला. पुरुषी कोटाची बटणं उजवीकडे असतात, बायकांच्या कोटाची डावीकडे. मास्तर म्हणाले होते, चालतंय तसंच. पण मावशीनं जुनी काजं एकेक रफू करून बुजवली होती आणि दुसऱ्या बाजूला नवी घातली होती, अशी की वडिलांची काजं कुठे होती हे शोधूनही सापडू नये. वकीलबाई ते विसरल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं, उभ्यानंच.

“मावशी, तुम्हाला माहितीये तुम्ही काय केलंत?”

“चूक केली का?”

“घटनेतला हक्क वापरलात. आपल्याच विरुद्ध पुरावा द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही. आणि अंग तुमचं आहे. त्यातलं काही घ्यायचं तर तुमची खुशी लागते, नाहीतर कोर्टाचा हुकूम. हुकमाला कारण लागतं. वस्तीत राहते, हे कारण नव्हे.”

“पण वकीलबाई,” मावशी आवाज खाली आणत म्हणाली, “ती थुंकी माझीच असणार.”

मशीन थांबलं. वकीलबाईंनी मशीनवाल्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

“हे अजून कुणाला बोललात?”

“नाही.”

“बोलू नका. आणि ऐका, हक्क फक्त निर्दोषांसाठी नसतो. तो असताना, तुम्ही का घाबरता, असं कुणी विचारायचं नसतं.”

“म्हणजे दोषी असले तरी चालतं?”

“चालतं.”

“मग मी नाहीये, हे कुणाला सांगू?”

वकीलबाईंनी कोट हातावर घेतला. तसाच घेऊन गेल्या. बटण लावायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या आठवड्यात पोलिसांनी कोर्टात अर्ज केला: सदर महिला तपासात सहकार्य करत नाही, नकार संशयास्पद आहे, नमुना देण्याचा हुकूम व्हावा. मावशीनं त्या दिवशी रजा टाकली, चाळीस वर्षांत सहाव्यांदा. नणंद बरोबर आली, कंबरेला पट्टा बांधून. “भावजयीला नेतायत म्हटल्यावर मी काय भिंत धरून बसू?” दारावरच्या शिपायानं मावशीच्या पिशवीतली कात्री काढून ठेवली. ती मास्तरांनी सकाळीच दिली होती, असू द्या म्हणून. तिच्या पोलक्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला अडकवलेली सुई शिपायाला दिसली नाही.

न्यायाधीश वयस्कर होते, सर्दी झालेली. फौजदारांनी अर्ज वाचला. वकीलबाई बोलल्या, पद्धतशीर, एकेक मुद्दा. कपाचा विषय निघाला तेव्हा फौजदारांना मान्य करावं लागलं की कप तपासणीला पाठवायचा होता. “विचारून?” वकीलबाईंनी विचारलं. “कप ठाण्याचाच होता,” फौजदार म्हणाले. “कप ठाण्याचा. थुंकी?” न्यायाधीशांनी रुमालात नाक शिंकरलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

मग फौजदारांनी बटण वर धरलं, पारदर्शक पाकिटात. “साहेब, एवढ्या एका बटणावर तपास अडलाय.”

मावशी चष्मा लावून पुढे वाकली. पाकीट तिच्यापासून चार हातांवर होतं. वकीलबाईंनी तिच्या कोपराला हात लावला, पण उशीर झाला होता.

“ते माझंच आहे,” ती म्हणाली.

नणंदेनं कपाळावर हात मारला. “काय ही बया!” फौजदार वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

“म्हणजे तुम्ही कबूल करता?”

“लावलंय मी. वेढे उलटे आहेत बघा. आणि दोरा एक तपकिरी, एक काळा. असं मी एकदाच केलंय. गेल्या थंडीत तपकिरी रीळ संपलं, शेवटच्या बटणाला काळा जोडून घेतला. त्यावरून त्यानं माझ्याशी वाद घातला होता, म्हणाला, सहा बटणांत एक वेगळं का? मी म्हटलं, डोळे फाडून बघशील तेव्हा दिसेल.”

“कुणी वाद घातला?” न्यायाधीशांनी विचारलं.

“त्यानंच. राखणदारानं. त्याच्याच कोटाचं बटण आहे ते. पडताना स्वतःचाच कोट मुठीत धरला असेल.”

फौजदारांनी फाइल उघडली. “साहेब, कोटाचा पंचनामा झालेला आहे. आठव्या दिवशी, त्याच्या घरी. सर्व बटणे शाबूत, असं नोंदवलंय.”

“कोट आणा,” न्यायाधीश म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीनंतर.”

राखणदाराचं घर जवळच. सुट्टीनंतर कोट आला, आणि तो घेऊन राखणदाराची बायको आली, कारण कोट एकटा पाठवायला ती तयार नव्हती. मागे राखणदार, डोक्याला टोपी. सहाही बटणं जागेवर होती. एक जरासं फिकट.

“हे कुणी लावलं?” वकीलबाईंनी विचारलं.

“मी,” बायको म्हणाली. “इस्पितळातून कपडे बोचक्यात दिले. धुतले, तर एक बटण नाही. घरात होतं तसलं लावलं. बरा होऊन यायचा होता ना माणूस, का उघड्या छातीनं हिंडणार होता?”

“पोलिसांना सांगितलं नाही?”

“त्यांनी विचारलं, बटणं सगळी आहेत का. मी म्हटलं, आहेत. होती की!”

कुणीतरी हसलं, मग न्यायाधीशांच्या शिंकेत ते विरलं. फौजदार म्हणाले, हे फक्त बोलणं झालं. मावशीनं मुठीतलं बटण याच कोटाला लावलं हे सिद्ध होणार ते नमुन्यावरूनच, म्हणून अर्ज कायम आहे.

मावशीनं हात पुढे केला. “कोट देता?”

न्यायाधीशांनी मान हलवली. तिनं तो मांडीवर घेतला, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. बोटं खालच्या कडेवरून फिरू लागली, अस्तरावरून, कोपऱ्यापर्यंत, दळण निवडताना खडा शोधावा तशी. एका जागी थांबली.

“जाड कापडाला मी आतून, अस्तराच्या मागे, एक छोटं बटण ठेवते, आधाराला. म्हणजे बाहेरचं ओढलं तर कापड फाटत नाही. बाहेरचं तुटलं की आतलं सुटतं आणि अस्तरात पडतं. इथे आहे ते. उसवू का?”

“उसवा.”

तिनं हात पिशवीत घातला. कात्री दारावर होती. मग जे तिनं आयुष्यभर केलं होतं तेच हात करू लागले: कोटाची कड वर उचलली, तोंडाकडे नेली, शिवणीचा दोरा खाचेपर्यंत आला.

आणि ती थांबली.

फौजदार पुढे सरकले होते. मुद्दाम नसेल, पण त्यांची नजर कोटावर नव्हती, तिच्या दातांवर होती. वकीलबाईंचीही होती. न्यायाधीशांची, नणंदेची, राखणदाराची. एवढ्या लोकांनी तिच्या तोंडाकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. कोट पोलिसांच्या ताब्यात जायचा होता. ओला दोरा कोटाबरोबर गेला असता.

तिनं कड खाली घेतली. कॉलरच्या आतली सुई काढली आणि एकेक टाका सुईच्या टोकानं वर उचलून सोडवायला लागली. दाताचं काम सुईनं करायचं म्हणजे वेळ लागणारच. पंखा फिरत होता. कारकुनानं दोन जुनी प्रकरणं हळूच बाजूला केली. कोणी घाई केली नाही. शेवटी चार बोटांएवढं अस्तर मोकळं झालं आणि तिनं तळहात पुढे धरला. डाळीच्या दाण्याहून थोडं मोठं एक पांढरं बटण. त्याच्या एका भोकात काळ्या आणि तपकिरी दोऱ्याचा तुकडा अडकून राहिलेला.

“साहेब, जे सांगायचं ते तोंडानं सांगितलं,” मावशी म्हणाली. “आता आणखी काय काढता?”

अर्ज फेटाळला गेला. न्यायाधीशांनी तीन ओळी लिहिल्या, त्यातली एक वकीलबाईंनी नंतर मावशीला दोनदा वाचून दाखवली: नकार देणे हा संशयाला आधार होऊ शकत नाही. मावशीनं विचारलं, बटणाचं काही लिहिलंय का? बटणाचंही होतं, पण शेवटी. ती म्हणाली, आधी ते लिहायला हवं होतं.

तारा कुणी नेल्या ते आजही कळलेलं नाही. राखणदाराला अजून काही आठवत नाही. सकाळच्या चहापर्यंत येऊन तो थांबतो.

पोलिसांचे कपडे यायचे बंद झाले. हुकूम कुणी काढला नाही. फक्त आले नाहीत. मास्तर महिनाभर फुगून होते. मग त्यांनी एक छोटी कात्री आणली, तिला दोरी बांधली आणि मावशीच्या गळ्यात घातली. गाईच्या गळ्यात घंटा घालतात तशी, मशीनवाला म्हणाला. मावशी ती घालून बसते. दोरा दातानंच तोडते.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. एके दिवशी भाजीतलं मीठ बरोबर होतं, तरी नणंद गप्प होती.

“काय झालं?”

“तुझं तुझ्याकडे राहिलं,” नणंद भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “माझं कुठेय?”

“काय?”

“थुंकी गं. नळीत घालून नेली ना. नाव लिहिलं वर. आता ते काय करतील तिचं?”

मावशीला माहीत नव्हतं. वकीलबाईंनाही नीटसं नव्हतं. त्या म्हणाल्या, नणंदेनं खुशीनं दिलंय, खुशी परत घेता येते का यावर मोठं कोर्ट बोलेल तेव्हा बोलेल. तोवर अर्ज करून ठेवा, नमुना नष्ट करावा म्हणून. अर्ज मावशीनं लिहिला, सावकाश, मास्तरांच्या मापाच्या वहीचं पान फाडून. नणंदेनं या वेळी चष्मा लावून वाचला आणि मग सही केली. एवढं कळल्यावर वस्तीतल्या आणखी अकरा जणी आपापले अर्ज घेऊन आल्या. मावशीनं सगळे एका कोपऱ्यात सुईनं टाचले.

दोघी तीनदा ठाण्यात जाऊन आल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीपाशी एक नवीन हवालदार होता. त्यानं गठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

“नमुने प्रयोगशाळेत आहेत.”

“परत कधी येणार?”

“परत येण्यासाठी पाठवत नाहीत, काकू.”

“मग नष्ट झाल्याचा कागद?”

“तसा कागद अजून कुणी मागितला नाही.”

“आता मागितला,” नणंद म्हणाली. “पोच द्या.”

हवालदारानं सुस्कारा सोडला, शिक्का शोधला, शाईच्या पॅडवर दाबला. तो वाकला तेव्हा त्याच्या खिशावरचं बटण एका दोऱ्यावर लोंबताना मावशीला दिसलं. कोण्या परक्या दुकानानं मशीनवर लावलेलं. अशी बटणं फार टिकत नाहीत. तिला राहवेना. कॉलरकडे हात गेला.

“दादा, बटण पडेल तुमचं. थांबा, दोन मिनिटांचं काम आहे, लावून देते.”

हवालदारानं सुईकडे पाहिलं, मग तिच्या दाताकडे. नवीन असला तरी गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली होती. त्यानं पटकन खिशावर हात ठेवला.

“नको, नको. असू दे.”

एक हात खिशावर दाबून धरत त्यानं दुसऱ्या हातानं बाराही अर्जांवर शिक्के मारले. शिक्के जरा वाकडे पडले, पण तारीख वाचता येत होती. नणंदेनं चष्मा लावून प्रत्येक तारीख तपासली.